दारावरची फुली

पोलिओचे थेंब पाजायला येणाऱ्या बायका घराच्या दाराशेजारी खडूने खूण करून जात. घरातल्या सगळ्या लहान मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी 'पी'. कोणी राहिलं असेल किंवा घर बंद असेल तर फुली. उणकलच्या आमच्या गल्लीत या खुणा कितीतरी दिवस भिंतींवर राहायच्या. मी शाळेतून येताना त्या वाचत यायची.

तेव्हा मी चौथीत होते. अप्पा जवळच्याच बेलूरला कारखान्यात कामाला होते, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत इंग्रजी, गल्लीत कानडी, घरात मराठी. तिन्ही भाषा मला येत होत्या आणि तिन्ही भाषांत मी गप्प असायची.

त्या वर्षी आत्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिची मुलगी चार महिन्यांची झाली होती, आणि बुधवारी सकाळच्या बसने त्या दोघी निपाणीला, आत्याच्या सासरी जाणार होत्या. रविवारी जवळच्या शाळेत डोस होते, पण बाळाला सर्दी झालेली.

"आज नको," आत्या म्हणाली. "उद्या परवा घरी येतातच की त्या. मात्र इथंच पाजून नेणार हं मी. तिकडं सासूबाई म्हणतात, धडधाकट पोरीला औषध कशाला?"

सोमवारी आई आणि आत्या बाळाला घेऊन केलगेरीला एका नातेवाईकांना भेटायला गेल्या. मला बारीक ताप होता म्हणून मी घरीच. निघताना आईने बजावलं, "डोसवाल्या अक्का आल्या तर संध्याकाळी या म्हण. तोंडानं म्हण. नुसती मान हलवू नकोस."

मी ते वाक्य कानडीत पाठ करत बसले. संजीगे बर्री. संजीगे बर्री. दोनच शब्द.

अकराच्या सुमाराला कडी वाजली. "मन्याग यार अदीरी?" घरात कोण आहे, असं बाहेरून एक बाई विचारत होती. दुसरी हसत काहीतरी म्हणाली. मी दाराच्या आत उभी होते, अगदी कडीला हात लावून. ते दोन शब्द मी मनातल्या मनातच म्हटले. बाई पुन्हा ओरडली. मग भिंतीवर खडू घासल्याचा आवाज आला आणि चपला पुढे गेल्या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आमच्या भिंतीवर फुली होती. डावीकडच्या घरावर पी, उजवीकडच्या घरावर पी, समोर पी. आजूबाजूला आम्हीच तेवढे चुकलेले, आणि तेही माझ्यामुळे. मी ओलं फडकं आणलं, फुली पुसली, दप्तरातल्या खडूच्या तुकड्याने तिथे पी काढला. अक्षर माझं चांगलं होतं. त्या बायकांपेक्षा चांगलं.

"आल्या होत्या काय गं?" आत्याने आल्या आल्या विचारलं.

"हं."

"मग?"

"परत येतील," मी म्हणाले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

मंगळवारी आत्या दिवसभर दाराकडे कान लावून होती. मी शाळेतून आले तरी कोणी आलं नव्हतं. "या बायका विसरल्या वाटतं," ती म्हणाली. तिने बाळाचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. आईने माझ्या हातात ज्वारीचा डबा दिला आणि मला गिरणीत पाठवलं.

गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. गिरणीवाले अण्णा चालताना उजवा हात मांडीवर दाबून तो पाय पुढे टाकायचे. लहानपणी पोलिओ झाला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मी कधी त्या पायाकडे सरळ बघितलं नाही, पण ते दोन पायऱ्या कशा चढतात हे मला पाठ होतं. लहान मुलींना ते अव्वी म्हणायचे.

"काय अव्वी, आज तरी बोलतीस का? की इंग्लिशमधूनच बोलायचं आम्ही?"

मी डबा पुढे केला.

तेवढ्यात समोरून दोघी डोसवाल्या अक्का गेल्या. खांद्याला निळी पेटी, हातात कागद. अण्णा ओरडले, "ओ अक्का, आमच्या गल्लीत फुल्या किती?"

"दोनच होत्या. झालं इथलं," असं म्हणत त्यांतली एक पुढे निघाली.

अण्णा गिरणीचा पट्टा चढवत मला म्हणाले, "बघ, फुली असली की परत येतात. पी असला की पुढं जातात. आमच्या वेळी दारावर फुली मारायलासुद्धा कोणी येत नव्हतं."

ते हे हसत म्हणाले आणि मापटं घ्यायला वळले. त्यांचा हात मांडीवर गेला. या वेळी मी सरळ त्या पायाकडे बघितलं.

डबा तिथेच टाकून मी पळाले. वळणावर अक्कांना गाठलं आणि त्यांच्या पेटीचा बंद धरला. "अक्का, बर्री," मी म्हणाले, आणि मग जे आलं ते तिन्ही भाषांत आलं. बेबी आहे, कूस अदा, बाळ आहे, दार मी उघडलं नाही, पी मीच लिहिला, उद्या बस आहे. श्वास लागला होता, आणि मी रडत होते.

अक्कांनी कागद उलटला. "कागदावर फुली आणि दारावर पी! मला वाटलं, कालच्या बायकाच चुकल्या." त्या दुसऱ्या बाईकडे वळल्या. "आणि पी बघितलास ना? कसा छापल्यासारखा!" दोघी हसायला लागल्या. माझे कान तापले, पण बंद मी सोडला नाही.

घरी आत्याने बाळाचे गाल दाबून तोंड उघडलं. दोन थेंब. बाळाने तोंड वाकडं केलं, जीभ फिरवली आणि रडायचं विसरून गेलं. डाव्या करंगळीला शाई लागली. अक्कांनी सगळी हकीकत आईसमोरच सांगितली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तोंड आहे म्हणायचं." आत्याने मला जवळ ओढलं आणि माझ्या केसांवरून जरा जोरातच हात फिरवला.

ज्वारी मात्र गिरणीतच राहिली होती. अप्पांना त्या रात्री भात खावा लागला.

बुधवारी सकाळी आम्ही बस पकडायला निघालो. गिरणी नुकतीच उघडत होती. अण्णा पायरीवर उभे होते.

"दाखवा बघू," ते म्हणाले.

आत्याने बाळाची मूठ पुढे केली. अण्णांनी पिठाच्या हाताने एकेक बोट सोडवत करंगळी वर काढली आणि जवळ नेऊन पाहिली.

"अहो, पुसाल ना," आत्या म्हणाली. "सासूबाईंना दाखवायचीय ती मला."

"ही शाई अशी जात नाही." त्यांनी करंगळी सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पीठ तयार आहे, अव्वी. येताना घेऊन जा."

"हो अण्णा," मी म्हणाले. तोंडाने.