याडीचा कान आणि ज्वारीचा सडवा

आमच्या याडीसारखी, म्हणजे माझ्या आईसारखी, ज्वारीची दारू उमरखेडपासून राळेगावपर्यंत कोणाला गाळता आली नाही. तिची धार पिऊन तांड्यातला एक म्हातारा झोपला, तो दारव्ह्याचे दोन बाजार उलटल्यावर उठला, आणि उठला तेव्हा त्याच्या टकलावर केस होते. खोटं वाटत असेल तर त्याच्या न्हाव्याला विचारा.

याडीनं कधी दिवस मोजले नाहीत. मोड आलेली ज्वारी कुटायची, शिजवायची, मडक्यात सडवायला ठेवायची आणि रोज सकाळी मडक्याला कान लावायची. आत बुडबुडत असलं तर, "बोलून राह्यलं अजून." गप झालं की चूल पेटायची. दिवाळीला पहिली धार निखाऱ्यावर. भडका उठला की समजायचं, बानं घोट घेतला. बा जाऊन कित्येक वर्षं झाली. दोघांची वर्षातली भेट तेवढीच.

मागच्या दिवाळीला तिनं मडकं ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "गप झालं. पेटव."

मी कान लावला. आत जिनिंगचा कारखाना चालू होता.

"याडी, बोलून राह्यलं ना!"

"तुह्या कानात भुंगा हाय. मले शिकवतं का?"

मी जन्मापासून ओरडूनच बोलतो. माझा आवाज तिला पोचायचा, म्हणून तिचा कान गेल्याचं घरात कोणाला कळलंच नाही. आयुष्यभर थापा मारणाऱ्या मला तेवढं एक खरं वाक्य बोलता येईना. चूल पेटवली.

कच्च्या सडव्याची धार ती. तिची पाठ वळताच थेंबभर निखाऱ्यावर टाकून पाहिली. चुस्स झालं, निखारा विझला. मग मी हुशारी केली. धार जमलेला लोटा मोरीत उपडा केला आणि दुकानाची बाटली त्यात ओतली.

याडीनं धार सोडली. भडका असा, की माझ्या भुवया अजून पुऱ्या आल्या नाहीत. तिनं हात जोडले नाहीत. लोट्यात बोट बुडवून हुंगलं. नाक शाबूत होतं.

"हे दुकानाची हाय."

मी पहिल्यांदाच हळू बोललो. काय बोललो ते तिला ऐकू गेलं नाही.

"म्हणजे तुहा बा नाही आला," ती म्हणाली. "तूच आलता."

यंदा तिनं ज्वारी भिजवली नाही. कधी भिजवायची, म्हणून मी चारदा विचारलं, ओरडून. चारही वेळा तिला ऐकू गेलं.