भट्टीची पूजा आणि लाल द्राव

आमच्या प्रयोगशाळेत मी डांबराच्या गोळ्यांपासून फुलरीन बनवायचे. फुलरीन म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ चेंडू. गोळ्या हवा काढलेल्या नळीत हजार अंशांवर तापवायच्या आणि उरलेली काजळी टोल्युइनमध्ये धुवायची. द्राव जांभळट लाल झाला, की फुलरीन मिळालं. माझा द्राव इमानेइतबारे चहाच्या रंगाचा व्हायचा.

"काजळच पाडायचंय तर दिव्यावर वाटी धर की," नल्लकुंटा भागातल्या आमच्या घरी आई म्हणायची. "एवढी भट्टी कायकू?"

माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, दसऱ्यानंतरच्या आढावा समितीपुढे लाल रंग दिसला नाही, तर भट्टी शेजारच्या लॅबला आणि माझ्या पीएचडीला रामराम. उमेदीची वर्षं काजळीत घातलेली मी जाम घाबरले होते.

खंडेनवमीला सरांनी भट्टीची पूजा मांडली. अंधश्रद्धेवर तासन्‌तास बोलणारे आमचे सर यंत्रांच्या बाबतीत मात्र धोका पत्करत नाहीत. भट्टीला हार, दारात कोहळा आणि टेबलावरच्या झाडून सगळ्या वस्तूंवर सढळ हाताने कुंकू.

सुट्टीनंतर त्याच टेबलावरच्या फनेलमधून मी काजळी गाळली. खाली लालजर्द द्राव उतरला आणि मला खरंच रडू फुटलं. सगळ्याच मुलींना 'अम्मा' म्हणणारे सर धावत आले.

"आ गया अम्मा! देखो, मेरा तरीका!"

दुपारपर्यंत इमारतभर पेढे पोचले.

संध्याकाळी द्रावाचा वर्णपट काढला. फुलरीनचा पत्ताच नव्हता. फनेल उलटं करून पाहिलं, तर देठात कुंकू अडकलेलं. स्वस्त कुंकवातला रंग टोल्युइनमध्ये झकास विरघळतो, हा माझ्या संशोधनाचा आजवरचा एकमेव निष्कर्ष. मी सरांना सांगितलं. तोंडातला पेढा गिळून ते म्हणाले, "कमिटी कू बोलना, तुम बराबर नै धोए."

सकाळचा तरीका त्यांचा, संध्याकाळची चूक माझी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

समितीपुढे मी एवढंच सांगितलं, की फनेलमध्ये कुंकू पडलं होतं.

"लॅबमध्ये कुंकू? कोणी आणलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर रोजच्यासारखा ठसठशीत कुंकवाचा टिळा होता. एकेक करून सगळी समिती तिकडे बघू लागली. सर खिशात रुमाल शोधू लागले.

मला मुदतवाढ मिळाली, भट्टीही राहिली. द्राव अजून चहाच्याच रंगाचा येतो, पण निदान काजळीचा येतो.