तिसरा टोला

गंगाधरपंतांच्या प्रदर्शनाला फक्त एक बाई यायला हवी होती, आणि ती नऊ वर्षं आली नाही. बाकीचे शेकडो लोक आले, शेंगांची टरफलं टाकून गेले. ती टरफलं मी झाडली. लोणावळ्याच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर म्हणजे आधी घाटाचे डोंगर रंगवायला आणि नंतर केर काढायला फुकट मिळणारा माणूस, असा पंतांचा समज होता.

पंत रेल्वेतून निवृत्त झालेले. खंडाळ्याचे साहेब विलायतेला परत जाताना बंगल्यातलं सामान विकायचे, तिथे पंत हजर. आरामखुर्ची नको, काचेची भांडी नकोत, साहेबांच्या पोरांनी टाकून दिलेली पत्र्याची आगगाडी हवी. चावीची चार इंजिनं आणि वीसेक डबे त्यांनी असे जमवले. म्हातारचळ म्हणून लोक हसायचे, मीही हसलो. मग त्यांनी घरी बोलावून सगळं फळ्यांवर मांडलेलं दाखवलं आणि माझं हसू मावळलं. घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन हुबेहूब उभं होतं. गाडी तिथे कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन एका टोकाचं सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. एकोणतीस साली ते बंद झालं. तोवर पंत तिथल्या सिग्नलच्या केबिनमध्ये होते.

दरवर्षी खेळ सुरू करण्याआधी ते खिशातून एक गोटा काढायचे, रुळावर दोनदा टक्‌ टक्‌ करायचे आणि थांबायचे. बराच वेळ थांबायचे. पोरं चुळबुळायची, मी खाकरायचो, मग कुठे इंजिन सुटायचं. तिसऱ्या वर्षी मी वैतागून विचारलं, "पंत, वाट कुणाची बघता?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

इंजिन सोडवायला माणसाला इंजिन आणि डब्याच्या मधे शिरावं लागे. धुक्यात निशाण दिसत नसे. म्हणून तिथल्या लोकांनी आपली रीत पाडली होती : आतला माणूस बाहेर आला की रुळावर दगडाने तीन टोले मारायचे. तीन ऐकले की पंत गाडी हलवायचा इशारा देत. सव्वीस सालच्या श्रावणात वडिवळ्याचा बजरंग आत होता. पंतांना दोनच टोले ऐकू आले. तिसरा पावसाने खाल्ला असेल, असं त्यांनी धरलं. टोले नव्हतेच ते. बजरंग आत इंजिन जोडणारा, अडकलेला आकडा ठोकत होता. गाडी हलली आणि तो तिथेच चिरडला.

चौकशीत पंत म्हणाले, तीन ऐकले. मग बाहेर आलेला बजरंग पुन्हा आत कशाला गेला? प्यायला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच कायम झालं. त्याची बायको कस्तुराबाई गावात दारुड्याची बाई झाली. पोरीची ठरलेली सोयरीक मोडली.

"ती आली की तिला सगळं सांगायचं," पंत म्हणाले. "म्हणून मांडतो हे."

"मग वडिवळ्याला जाऊन सांगा ना!"

"पाय उचलत नाही, मास्तर."

मला त्यांचा राग आला. कीवही आली, पण आधी राग आला. त्यांच्या घरात खलबत्ता वाजायला लागला की ते हातातलं काम टाकून मोजत बसायचे. त्यांच्या पत्नी अरुंधतीकाकूंनी शेवटी खलबत्ता शेजारी देऊन टाकला. मग ते कुणी दार वाजवलं तरी मोजू लागले. मी त्यांच्याकडे जाताना नेमानं तीनदा कडी वाजवायचो.

जागेची रड दरवर्षी नवी. शाळा दिवाळीच्या सुटीतच मिळे, आणि तेव्हा मावळात भातकापणी. वडिवळ्याहून कोण येणार? मग कामशेतला, बाजाराच्या दिवशी, एका पेढीच्या माळ्यावर मांडलं. जिना असा, की अकरा माणसं चढली आणि एक आजीबाई उतरेचना. तळेगावला मंगल कार्यालय मिळालं, तिथे ही गर्दी! मी खूश, आणि पंत दाराकडे बघत सुतक्यासारखे बसलेले. अकरा आले तरी तेच तोंड, दोनशे आले तरी तेच. कामशेतच्या बाजारातून ते दरवर्षी बाईला निरोप धाडत. निरोप पोचल्याचं कळे, बाई येत नसे.

एक्केचाळीस साली शाळेने जागा नाकारली, तळेगावकरांनीही नाकारली. पंतांना तोवर धाप लागायला लागली होती. मी त्यांना विचारलंच नाही. बैलगाडी ठरवली, फळ्या चढवल्या आणि पंतांना वर बसवलं. वडिवळ्याचा रस्ता लागला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, ते गाव येईपर्यंत सोडलं नाही.

एका खळ्यावर मांडामांड केली. भर दुपार, सगळं गाव शेतात. खळ्यावर चिटपाखरू नाही. मग एक उंच, वाळकी बाई आली आणि फळ्यांपाशी उभी राहिली. पंत उठले. मी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

"कस्तुराबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी दोनच ऐकले होते."

नऊ वर्षं घोकलेलं वाक्य एका दमात संपलं. 

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तवा आमी थितंच ऱ्हात हुतो, म्या वरल्या धारंवर लाकडं येचत हुते. म्या बी दोनच आयकले. साह्यबाला सांगाया गेलते, त्यानं हाकललं."

"मग एकदाही आला नाहीत..."

"मला सांगून काय करता, पंत? म्या सोताला दारुड्याची बाई म्हनते का? जे म्हनत्यात त्यांना गोळा करा."

 एका माणसासाठी पंतांनी एवढी वर्षं जागा शोधल्या होत्या, आणि आता खरी गर्दी हवी होती. ती बाईनेच जमवली. दारोदार गेली, बांधावर गेली. दिवेलागणीला खळं भरलं, साठ-सत्तर माणसं तरी असतील. खेळ बघायला मिळणार म्हणून सगळे हसत होते.

पंतांनी इंजिनाला चावी दिली आणि ते बोटाने दाबून धरलं. गोटा काढून टक्‌ टक्‌ केलं. थांबले.  बोटाखाली इंजिन थरथरत होतं. आता ते दरवर्षीसारखं गाडी सोडून देणार, असं मला वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कस्तुराबाई पुढे झाली. तिने इंजिन आणि डब्याच्या मधल्या फटीत आपला हात घातला.

"सोडा की," ती म्हणाली. "दोन वाजले न्हवं?"

पंतांचं बोट पांढरं पडलं. पत्र्याचं खेळणं ते, तिला ओरखडाही आला नसता. पण त्यांनी इंजिन सोडलं नाही. दुसराही हात त्यावर दाबला आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"तिसरा वाजला नव्हता," ते ओरडले. "बजरंग आतच होता. प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

 इंजिनाची चावी पंतांच्या हातांखाली उतरत गेली आणि थांबली. मगच बाईने हात काढला. माणसांकडे वळून तिने एकेकाचं तोंड पाहिलं.

"आयकलं का समद्यांनी?" तिने विचारलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "व्हय, कस्तुरे. आयकलं."