रिकामी काचेची वाटी

उल्हासनगरच्या कॅम्पात लष्कराचं सामान भंगारात निघालं, तेव्हा ती मोटार मी उचलली. वयानं ती माझ्याहून फार लहान नसावी. दोन दारं धड होती, दोन दोरीनं बांधलेली. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी लॉऱ्या दुरुस्त करायचो, त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत कुणी शिकवलेलं मला खपत नसे. आम्ही बदलापूरजवळ शिरगावात राहायचो. तिथले लोक मागून त्या मोटारीला नावं ठेवायचे आणि लग्न निघालं की तीच मागायला यायचे. मग मीही दहा मिनिटं उगाच भाव खायचो.

त्या वर्षी दसऱ्याला बायकोला नववा महिना होता. लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदाच दिवस गेले होते. नवससायास करून ती थकली होती आणि लोकांना उत्तरं देऊन मी.

विळा, कोयता, माझे पाने अशी सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजून झाली, तशी ती जड पावलांनी मोटारीपाशी आली.

"अहो, हिचं तोंड कुठलं?"

मी मागचं टाकीचं झाकण दाखवलं. "इथनं खाते ती."

"मग पहिलं कुंकू इथं," असं म्हणून तिनं तेलात घट्ट कालवलेलं कुंकू तीन बोटांनी त्या झाकणावर भरभरून लावलं. मग झेंडूची माळ घातली. मी नारळ फोडला. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून टाकी मी आदल्याच दिवशी गळ्यापर्यंत भरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण शेजारचीच होती, मी तिला मावशी म्हणायचो. तिनं पोट चाचपलं आणि तोंड बारीक केलं. "मूल आडवं आहे रे. माझ्या हातचं नाही हे. कॅम्पातल्या दवाखान्यात ने, लगेच."

आगगाडीला दोन तास होते. पण दारात मोटार उभी होती ना! दोघींना मागे बसवलं आणि निघालो.

खरवई मागे पडली आणि इंजिन खोकलं. दोन झटके दिले, बंद पडलं. मी बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगी पडत होती, म्हणजे विजेची बाजू ठीक होती. मग पंपाखालची काचेची वाटी पाहिली. टाकीतलं पेट्रोल आधी या वाटीत येतं आणि इथून कार्बुरेटरमध्ये जातं. वाटी रिकामी होती. ऑक्टोबरचं ऊन, तापलेलं इंजिन, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ झाली असणार असं मी ठरवलं. मावशीकडचं फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं आणि दहा मिनिटं थांबलो. हँडल मारताच गाडी सुरू झाली. बायकोकडं बघून मी मिशीत हसलोसुद्धा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

चिखलोलीच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली आणि वाटी पुन्हा कोरडी. म्हणजे वाफ नव्हे, कचरा! मी नळी सोडवली, तोंडात धरून टाकीच्या दिशेनं जीव खाऊन फुंकली. टाकीत बुडबुडे वाजले. तोंडात पेट्रोल, डोळ्यांत घाम, आणि मागून बायकोचं कण्हणं. तेवढ्यात गवताची एक बैलगाडी शेजारी येऊन थांबली.

"दादा, बाईला घाल ना गारीन," आपल्या गाडीकडे बोट करत गाडीवान म्हणाला. "गवत हाय खाली, मऊ लागंल."

"मोटार आहे माझ्याकडे!" मी खेकसलो. "तू हो पुढं."

त्यानं बैल पुढे हाकले. मी नळी जोडली, हँडल मारलं, गाडी सुरू झाली. त्याची बैलगाडी मी धूळ उडवत मागे टाकली आणि वर हॉर्नही वाजवला.

अंबरनाथ दिसायला लागलं आणि तिसऱ्यांदा सगळं थांबलं. मी पंपच खोलला. आतला पडदा फाटला असेल म्हणून उन्हात धरून पाहिला, तर धड होता. एक स्क्रू मातीत पडला, तो शोधण्यात किती वेळ गेला देव जाणे. मावशी ओरडत होती, "अरे, काहीतरी कर! हात बाहेर आलाय बाळाचा!" मागून ती बैलगाडी आली. गाडीवानानं या खेपेला विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मीही हाक मारली नाही. पंप जोडतोच आहे, आत्ता सुरू होईल, असं मनाशी घोकत राहिलो.

पंप जोडला, तरी वाटी कोरडीच. पेट्रोल तरी आहे का ते काठीनं मोजावं म्हणून मी टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. मी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. पेट्रोल जाईल तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. ते कुंकवानं बुजून दगड झालं होतं. हवा मिळेना म्हणून टाकी पेट्रोल सोडत नव्हती. पहिल्यांदा थांबलो तेव्हा थोडी हवा कुठूनतरी झिरपली असणार; फुंकर मारली तेव्हा माझीच हवा आत गेली होती, आणि मी समजलो कचरा निघाला.

मी झाकण खिशात टाकलं, टाकीच्या तोंडावर सैलसर फडकं ठेवलं. तिथून दवाखान्यापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. मी सगळा रस्ता रडत होतो.

"इतनी देर क्यों की?" दवाखान्याच्या बराकीच्या दारातली सिंधी नर्स म्हणाली. बायको वाचली, बाळ नाही. मुलगा होता.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मोटारीला काय झालं होतं?"

"कचरा," मी म्हणालो. "मी कार्बुरेटर साफ करायला हवा होता."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर वर्षभर ती मला बोलत राहिली. एवढा मिस्त्री म्हणवतोस आणि स्वतःच्या लेकरासाठी गाडी साफ ठेवता आली नाही, म्हणायची. अहोजाहो सुटलं होतं. मी ऐकून घेत होतो. गाडीवानाला मी हाकललं होतं, तेव्हा बोलणी खाण्यात फारसं खोटंही नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला ती कुंकवाची वाटी घेऊन आली आणि सवयीनं मोटारीच्या मागच्या बाजूला गेली. मी झटकन पुढे झालो आणि टाकीच्या झाकणावर तळहात दाबून धरला. "इथं नको. बॉनेटवर लाव."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या बोटांवरच्या घट्ट कुंकवाकडे बघितलं. वाटी तशीच माझ्या हातात दिली आणि घरात गेली.

त्या दिवसापासून ती मला त्यावरून एक शब्दही बोलली नाही. झाकणावर मी हात ठेवायला नको होता.