चिटणिसाच्या कार्यपद्धतीत शहाऐंशी

पिंपळगाव बसवंतच्या ज्योत्स्नानं आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, पण तो अगदी मन लावून केला. ते माणूस म्हणजे तिची चुलत बहीण सविता. दोघींच्या वयात तीन महिन्यांचं अंतर, आणि घरांमध्ये एका भिंतीचं. हुशार कोण, याचा निकाल लहानपणीच लागलेला होता. ज्योत्स्नाचा पहिला नंबर ठरलेला. सविताचा कधी बाविसावा, कधी तिसावा, आणि त्याचं सविताला काडीचंही वाटत नसे.

१९९३ साली दोघी दहावी झाल्या आणि दोघींनी कॉमर्सला जायचं ठरवलं. अकरावीच्या फॉर्मवर तेव्हा निवड करायची असे : गणित, नाहीतर एस.पी. एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. कंपनीच्या भागधारकांना पत्रं कशी लिहायची, सभेची सूचना कशी काढायची, असलं सगळं. पाठ केलं की मार्क हातात. गणित टक्केवारी खाली ओढतं, हे गावात पानटपरीवाल्यालाही ठाऊक होतं. ज्योत्स्नाला दहावीच्या गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस होते, तरी तिनं पहिल्याच दिवशी एस.पी.वर खूण केली. सविता मामाच्या लग्नाला कळवणला गेली होती, ती तीन दिवस उशिरा उगवली. तोवर एस.पी.ची तुकडी भरली होती.

"गणित घे, नाहीतर घरी बस," क्लार्क म्हणाला.

सविता कॉलेजच्या जिन्यावर बसून ढसाढसा रडली. ज्योत्स्नानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला उसाचा रस पाजला. दुसऱ्याची कीव करण्यात एक गोडी असते, आणि त्या दिवशी ज्योत्स्नानं ती पोटभर चाखली.

बारावीला ज्योत्स्नाला एस.पी.त शंभरपैकी शहाऐंशी पडले. कॉलेजात तिचा फोटो लागला. सविता गणितात एक्केचाळीस मार्कांनी कशीबशी तरली. काकूंनी पेढे वाटले तेही जरा चोरूनच.

बी.कॉम. झाल्यावर दोघी एस.टी.नं नाशिकला येऊन पंचवटीतल्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागल्या. तिथं मात्र ज्योत्स्ना खरोखर हरखली. आपण चार ओळी लिहायच्या आणि यंत्रानं त्या निमूट पाळायच्या, हे तिला इतकं आवडलं की जेवताना ताटाशेजारी बोटानं ती आज्ञा गिरवायची. सगळ्या क्लासची नावं तालुक्याप्रमाणे लावून देणारा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला. सविताला तो तीनदा समजावून सांगावा लागला. सर म्हणाले, "ज्योत्स्ना, तू एम.सी.ए. कर." त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं.

१९९९च्या जूनमध्ये नाशिकच्या एका कॉलेजात एम.सी.ए. सुरू झालं. दोघी बसनं जाऊन नोटीस बोर्डासमोर उभ्या राहिल्या. कोणत्याही शाखेची पदवी, किमान पन्नास टक्के, प्रवेश परीक्षा. आणि बारावीला गणित. खाली जखमेवर मीठ चोळावं तशी एक ओळ : बी.कॉम.चं व्यापारी गणित धरलं जाणार नाही.

ज्योत्स्नानं ते दोनदा वाचलं. बी.कॉम.ला बहात्तर टक्केवाली बाहेर, आणि चौपन्न टक्केवाली आत! का, तर ती मामाच्या लग्नात जेवत बसली म्हणून!

"चल, आत जाऊन विचारू," सविता म्हणाली. "काहीतरी वाट असंल गं."

"मला वाचता येतं," ज्योत्स्ना म्हणाली. खिडकीपुढच्या रांगेत सविता आधीच शिरली होती. तिच्या मागं उभं राहायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटलं.

प्रवेश परीक्षेच्या दिवशी ती गोदावरीच्या घाटावर गेली. नुसतं दुसऱ्याचं वाईट मागणं बरं दिसत नाही, म्हणून आधी तिनं आईच्या गुडघ्यांसाठी मागितलं, आणि मग सविता नापास होऊ दे म्हणून. देवानं दोन्हीकडं लक्ष दिलं नाही. आईचे गुडघे तसेच राहिले आणि सविता पास झाली.

पुढच्या वर्षी ज्योत्स्नाला त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात कारकुनाची नोकरी लागली. सविता पुस्तकं न्यायला आली की ती मुद्दाम मागच्या कपाटाकडं निघून जायची. मग २०००ची दिवाळी आली. सविता फराळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चेहरा फुललेला.

"ज्योत्स्ने, ऐक ना. आमच्या वर्गात एक पोरगी हाय, तिचं पण बारावीला एस.पी.च होतं, तर तिनं..."

"तुझ्या वर्गातल्या गोष्टी तुझ्या वर्गात सांग," ज्योत्स्ना म्हणाली. "इथं नको."

सविताचं तोंड एवढंसं झालं. ती पिशवी ओट्यावर ठेवून निघून गेली. ज्योत्स्नानं पिशवी उघडलीसुद्धा नाही. भाऊबिजेच्या आत ती तशीच्या तशी काकूंच्या घरी परत धाडली. आमच्याकडं भांडण झालं तरी कुणी फराळ परत करत नाही. ज्योत्स्नानं केला, आणि तिथून दोघींचा अबोला सुरू झाला.

पाच वर्षं तो टिकला. सविता शिकली, पुण्यात नोकरीला लागली, लग्न झालं, दारात गाडी आली. प्रत्येक बातमी ज्योत्स्नाच्या पोटात खड्यासारखी जाऊन बसली. तिचं स्वतःचंही लग्न झालं. नवरा ललित सरळ माणूस. तो म्हणायचा, "तुझ्या बहिणीनं तुझं वाईट काय केलं, ते तरी सांग." काहीच केलं नव्हतं, हाच तर राग होता.

२००५च्या जूनमध्ये कॉलेजच्या साहेबांनी तिला एम.सी.ए.च्या फॉर्मच्या खिडकीवर बसवलं. अटी पाठ असलेलं माणूस दुसरं कोण होतं? गणित नाही म्हणून तिनं तीन दिवसांत अकरा मुली परत पाठवल्या. खोटं कशाला बोला, प्रत्येकीला "नाही" म्हणताना तिला जरा थंड वाटत होतं.

चौथ्या दिवशी कळवणची सायली नावाची एक मुलगी आली. बारावीच्या गुणपत्रिकेत गणिताचा पत्ता नव्हता, एस.पी. होतं.

"नाही बसत," ज्योत्स्नानं फॉर्म मागं सरकवला.

"मॅडम, दुसरी बघा ना," मुलगी म्हणाली आणि तिनं आणखी एक गुणपत्रिका पुढं केली. तीही बारावीची, बोर्डाची, पण दोन वर्षांनंतरची. तिच्यावर एकच विषय होता. गणित, त्रेपन्न.

ज्योत्स्नाला तो कागद खोटा वाटला. तिनं हेडक्लार्क रंगनाथ यांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"चालतं की. बारावी झाल्यावर राहिलेला एक विषय बाहेरून देता येतो. पहिल्या बॅचलाच अशी एक मुलगी होती. तुम्हाला माहीत नाही?"

ज्योत्स्नानं फॉर्मवर शिक्का मारला. तो वाकडा उमटला. तिला त्या मुलीचा राग आला, रंगनाथांचा आला, परत पाठवलेल्या अकरा जणी डोळ्यांपुढं आल्या. आणि पाच वर्षं अर्धवट राहिलेलं एक वाक्य कानात पुन्हा सुरू झालं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं काकूंना फोन करून सविताचा नंबर घेतला आणि लावला. पलीकडून "हॅलो" आलं. स्वतःचं नावही न सांगता तिनं एकदम विचारलं,

"तुझ्या वर्गातली ती पोरगी, एस.पी.वाली. तिचं पुढं काय म्हणत होतीस?"



"ज्योत्स्ने?" सवितानं आवाज ओळखला. "अगं, तिनं नुसता गणिताचा पेपर दिला, तेच सांगत होते. तुझ्यासाठी बोर्डाचा फॉर्म आणला होता मी. लय खटपट केली होती त्यासाठी."

"मग दिला का नाहीस?"

"दिला होता की. फराळाच्या पिशवीत, चकल्यांच्या डब्याखाली."