सुनेच्या खापरपणजोबांचे मधले नाव

अबुधाबीतील आमच्या मराठी मंडळींत एक कथा अजून चघळली जाते: म्हाताऱ्याला पुण्याला परतायचे होते, म्हणून त्याने अमेरिकन सुनेच्या पूर्वजाला पळपुटा ठरवले. ती सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या दिवसांत आमचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणून घडले ते लिहितो; तोंडी वाद घालण्याचे त्राण आता उरलेले नाही.

मंदी आली आणि माझ्या मुलाची नोकरी गेली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातील एका वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर काम मिळाले. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या घरून रोज तिकडे गाडी हाकायची. घरी आल्यावर बूट काढतानाही तो भिंतीचा आधार घेई. परतण्याचा विषय त्याने काढला, की सून खापरपणजोबांना पुढे करी. ते गेल्या शतकाच्याही आधी अमेरिकेच्या ओसाड गवताळ माळावर सरकारी जमीन कसायला गेले होते. दुष्काळ आला, टोळधाड आली, पण गडी हलला नाही.

"ही स्टेड, बाबा," ती मला म्हणे. "ते राहिले. आपण पण राहायचं."

मी आयुष्यभर या वाळूत जमिनी मोजल्या, म्हणून त्यांचा वंशवृक्ष शोधण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले. तिला तो दिवाणखान्यात लावायचा होता.

माझ्या ज्या चुकीची चेष्टा होते ती येथली. त्या गृहस्थांच्या नावाचे तीन भाग होते. मधले नाव बापाचे, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. मी संगणकावर त्या नावाचा बाप शोधत राहिलो. बाप मिळेना; मात्र तेच नाव आडनाव म्हणून मिळाले, आणि तेही त्याच जमिनीच्या मालकाचे.

मुलगा बऱ्याच दिवसांनी हसला. "बाबा, तिकडे मधलं नाव बापाचं नसतं हो! भलत्याच माणसाचं श्राद्ध घालताय."

सून हसली नाही. "आमच्याकडे आईच्या माहेरचं नाव मध्ये ठेवायचे," ती हळूच म्हणाली.

म्हणजे मालक झाला तो मामा. चूक म्हणायची तर खुशाल म्हणा. बरोबर वाट धरणाऱ्यांना हा मामा पिढ्यान्‌पिढ्या दिसला नव्हता. पाच वर्षे राहून कसली तरच जमीन नावावर होई. भाच्याची, म्हणजे सुनेच्या खापरपणजोबांची, ती वर्षे पुरी झालीच नाहीत. पुढच्या जनगणनेत तो बायकोमुलांसह दूर पश्चिमेला, एका लाकूड कापण्याच्या गिरणीत मजुरीवर होता.

हे मी सुनेला स्वयंपाकघरात सांगितले. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे, ही क्विट? सोडून गेले?"

"जमीन मामाच्या हवाली केली आणि पोरांना घेऊन निघाला. त्याला क्विट म्हणत असशील तर म्हण."

"माझी आई खोटं बोलली?"

"तिने ऐकलं ते सांगितलं. माळावर राहिला मामा, कौतुक झालं भाच्याचं. आमच्याकडेही असंच चालतं."

तिने लाटणे खाली ठेवले. "तुम्हाला इंडियाला जायचंय, म्हणून सांगताय ना?"

"मला अजिबात जायचं नाही. तुझ्या सासूला इथेच अग्नी दिला. पुण्यात माझं आहे कोण?"

"मग कशाला सांगितलंत?"

"तू विचारलं होतंस."

तव्यावरची पोळी करपली. तिने ती उचलून बाजूला टाकली आणि दुसरी लाटायला घेतली. संध्याकाळी माझा चहा तिने टेबलावर ठेवला आणि ती खोलीत निघून गेली. मला त्याचे वाईट वाटले, पण शोधलेले गिळून टाकणे मला जमले नसते.

रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या सांग वर्कशॉपवाल्यांना. या महिन्यानंतर खलास. आपण पण निघायचं."

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी आमटीची वाटी पुढे सारली. त्याने भात कालवला, संपवला आणि मान वर न करता आणखी मागितला.