आखाजीला क्लच गेला

मुऱ्हाळी म्हणून मी जाणार, हे आमच्या भाऊबंदांना पटलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला सासरहून आणायला भाऊ जातो, नाहीतर बाप जातो. आम्हाला भाऊ नाही आणि वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, गेल्या दिवाळीत गेले. तेव्हा मीच जाणार आणि नानांच्याच गाडीने जाणार, असं मी जाहीर करून टाकलं. गाडी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गेअरचा दांडा स्टिअरिंगलाच, पुढची सीट बाकासारखी सलग. मेकॅनिकने आधीच बजावलं होतं की क्लचचं रबर थकलंय, बदलून घ्या. मी म्हटलं, आखाजी होऊ द्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

यंदा नानांच्या नावाची पहिली घागर होती. पितरांसाठी पाण्याने घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि बाराच्या आत विस्तवावर नैवेद्याचा घास टाकायचा. आईने सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, घागर दोघी मुली मिळून भरतील. चुलतभाऊ मात्र, नाही पोचलात तर मी आहेच, असं तीनदा बोलून गेला होता. त्याचं ते 'मी आहेच' मला भारी झोंबलं.

पहाटे जळगाव सोडलं आणि आठला नरडाण्यात थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या दारात. पण मुऱ्हाळी उपाशी परत जात नाही. अक्काच्या सासूबाईंनी समोर बसून सांजोऱ्या खाऊ घातल्या. निघायला नऊ झाले.

बेटावद मागे पडलं, एका वळणावर मी क्लच दाबला आणि तो वर आलाच नाही. बुटाचं टोक घालून ओढला, तर लुळा. ब्रेक मारला तशी गाडी दोन गचके खाऊन बंद पडली.

आता कुणीही घाबरलं असतं. मी खाली वाकून बघायला लागले. लहानपणापासून मला एक कोडं होतं, तो क्लच दाबला की आत नेमकं सुटतं काय? नानांना विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, तू रेडिएटरचं पाणी बघ. आज आतलं तेल थेंब थेंब रस्त्यावर पडत होतं आणि मी गुडघे टेकून ते कुठून येतंय ते शोधत होते. अक्का वरून म्हणाली की तुझं संशोधन झालं असेल तर मेकॅनिक शोध.

मोटरसायकलवरून एक आबा चालले होते. त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "आज कोनी भेटाव नही, ताई. बठ्ठा घर शेतस." खरंच होतं, सगळे सणाला घरी, आखाजीला कोण गॅरेज उघडतंय? आईला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली की बारापर्यंत वाट बघते, पुढे नाही. पितरांना ताटकळत ठेवू नये. मला रडूच आलं. माझ्या आळसापायी नानांची पहिली घागर चुलतभावाच्या हातून जाणार होती.

मी स्टिअरिंगमागे येऊन बसले. मग अक्का सीटवर सरकत माझ्याजवळ आली आणि गेअरचा दांडा धरून म्हणाली, "मी पहिला टाकते. तू चावी फिरव."

मी म्हटलं, गेअरमध्ये चावी दिली तर गाडी उडी मारेल. ती म्हणाली, मारू दे. गाडीने उडी मारली, कण्हली आणि चालायला लागली. अक्का मान तिरकी करून इंजिन ऐकत होती. अ‍ॅक्सिलरेटर सोड, म्हणाली. सोडला. तिने दांडा मोकळा केला, आवाज खाली उतरू दिला आणि अलगद दुसरा टाकला. खडखड नाही की काही नाही! मी थक्क. हिला सायकलसुद्धा येत नाही. मी पायाने आणि ती कानाने, अशी आम्ही दोघींनी मिळून गाडी हाकली. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं, तिथे गाडी बंद करून पुन्हा तीच उडी. अमळनेरच्या बाजारात माझ्या अंगाला घाम सुटला, तिचा हात काही हलला नाही.

धरणगावनंतर रस्ता मोकळा मिळाला तेव्हा मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? नानांनी, म्हणाली. मला कशाला हात लावू देत नव्हते आणि हिला गेअर! मी फणकारलेच. तुला का आणि मला का नाही?

अक्का रस्त्याकडे बघत म्हणाली, "आखाजी संपवून सासरी सोडायला यायचे ना, तेव्हा अमळनेर सुटलं की मी रडायची. त्यांना समजूत घालता यायची नाही. मग क्लचवरचा पाय काढायचे आणि म्हणायचे, हात ठेव गेअरवर, नुसतं ऐक."

बारा वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही दारात गाडी बंद केली. चुलतभाऊ आंघोळ करून ओट्यावर बसलेला. आईने त्याला रस ढवळायला आत पाठवलं. अक्काने घागर धरली, मी पाणी ओतलं, डांगर दोघींनी मिळून ठेवलं. हा पहिलाच विधी असेल ज्यात मी कुणाला काही विचारलं नाही.

चार दिवसांनी तिला सोडायला निघाले. क्लच नवा, पाय टेकला की चालतोय. अमळनेर सुटलं आणि अक्काने पदर डोळ्यांना लावला. बोलायला मलाही काही सुचेना. मी डावा पाय उचलून मागे घेतला आणि तिला म्हटलं, "अक्का, हात ठेव गेअरवर."